रेडा, कन्व्हर्टर आणि माझ्या पेट्या

२ मार्च

आज ह्यांचे टाके काढले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जखम उत्तम भरली आहे, बायपास झालेल्या माणसाने असंच असावं. दोन महिने गाडी चालवायची नाही, जड उचलायचं नाही, आणि घरात वादावादी नको. पहिल्या दोन गोष्टींवर माझं लक्ष आहे. तिसरीसाठी ही वही आणली. तीस वर्षं आम्ही दिवसाआड भांडत आलो आहोत. एकदम बंद केलं तर मलाच काहीतरी व्हायचं. तेव्हा जे तोंडावर बोलायचं ते इथे लिहायचं, असं ठरवलं आहे.

दवाखान्याच्या जिन्यावरून हे कठड्याला धरून उतरत होते. मी दोन पायऱ्या मागे होते, तिथेच घळाघळा रडून घेतलं. ऑपरेशनच्या दिवशी डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं आणि आता सगळं ठीक आहे म्हटल्यावर थांबेना. माणूस वाचला. बाकी काही का होईना.

घरी आलो. पाठीशी उशा लावून दिल्या, चहा हातात दिला. पहिला घोट घेऊन हे म्हणाले, "रेड्याचा कन्व्हर्टर आत्ताच बदलून घ्यायला हवा."

बाकी काही का होईना, असं वर लिहिलं आहे ते मागे घेते.

४ मार्च

रेडा म्हणजे आमचा पिकअप. काळा, दांडगा आणि सरळ सांगितलेलं न ऐकणारा. घेतला तेव्हा गरीब होता. माझ्या मधमाश्यांच्या पेट्या ट्रेलरवर घालून घाटापलीकडच्या सफरचंदाच्या बागेत न्यायचा आणि बहर संपला की घेऊन यायचा. मग दोन वर्षांपूर्वी ह्यांना शर्यतीचं वेड लागलं. शहराबाहेर एक जुनी धावपट्टी आहे, तिथे सुट्टीच्या दिवशी लोक गाड्या पळवतात. सरळ रेषेत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मग जळक्या रबराचा वास अंगावर घेऊन घरी. पन्नाशी उलटलेल्या माणसाला हे शोभतं का, असं मी तेव्हा चांगलं ओरडून विचारलं होतं. उत्तर म्हणून रेड्याला इंजिनात जोराने हवा कोंबणारा मोठा टर्बो बसला, रुंद टायर आले आणि गिअरबॉक्सच्या तोंडाशी शर्यतीचा कन्व्हर्टर.

गेल्या वर्षी तोच रेडा माझ्या पेट्या घेऊन घाट चढत होता. हे चालवत होते, मी शेजारी. अर्ध्या घाटात गिअरबॉक्सचं तेल तापलं, काटा लाल पट्टीत गेला, घाण वास सुटला आणि गाडी थांबवावी लागली. पेट्यांची तोंडं जाळीने बंद केलेली, वर ऊन, वारा नाही. ट्रेलर चालत असला की माश्यांना हवा लागते. उभा राहिला की त्या आत गुदमरतात आणि मेण वितळायला लागतं. रस्त्यात उघडल्या तर उडून जातात आणि पुन्हा सापडत नाहीत. तेल निवेपर्यंत निम्म्या पेट्या गेल्या. एकेका पेटीला कान लावून बघत होते मी. आतली गुणगुण कमी होत जाते आणि मग काहीच ऐकू येत नाही.

उरलेल्यांतून वर्षभर खपून वसाहती पुन्हा उभ्या केल्या आहेत. यंदा हे चालवू शकत नाहीत, म्हणजे घाट मलाच चढायचा आहे. बहर उघडायला महिनाभर आहे. या वेळीही तसंच झालं तर मी मधमाश्या सोडणार. हे कुणाला सांगितलेलं नाही.

७ मार्च

कन्व्हर्टर म्हणजे काय ते आज मला जेवणाच्या टेबलावर शिकवण्यात आलं. ह्यांनी दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवायला लावले. एकाची पिन लावली, दुसऱ्याची नाही. पहिला सुरू केला तर त्याच्या वाऱ्याने दुसराही हळूहळू फिरायला लागला.

"हा इंजिनचा, हा गिअरबॉक्सचा," हे म्हणाले. "मध्ये वाऱ्याऐवजी तेल समज. दोघं एकमेकांना चिकटलेले नाहीत, तरी एक दुसऱ्याला फिरवतो."

तेवढ्यात वन्सं आल्या. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. शाळेत खेळ शिकवायच्या, अजून आवाज मैदानावरचाच आहे. ऑपरेशनपासून आमच्याकडेच राहतायत. "एवढं उकडतंय होय रे तुला?" म्हणाल्या.

मला समजलं ते असं. कन्व्हर्टर सैल असतो किंवा घट्ट. सैल असला की गाडी हलायच्या आधी इंजिन भरपूर फिरून घेतं, मोठ्या टर्बोत हवा भरते आणि गाडी उसळी मारून सुटते. शर्यतीला हवा तो हाच. ओझं ओढायला मात्र घट्ट हवा, इंजिन जेमतेम फिरलं की लगेच पकडणारा. इंजिन किती फेऱ्यांवर अडतं आणि पकड बसते त्याचा एक आकडा असतो, त्याला स्टॉल म्हणतात. आकडा मोठा तर कन्व्हर्टर सैल. सैल असला की चढावर दोन पंखे एकमेकांना चुकवत बसतात, आणि त्या घसरणीने तेल तापतं. गाडीने वेग धरला की दोन्ही पंख्यांना जखडून एक करणारा क्लच आत असतो, तो लॉकअप. एकदा जखडले की घसरण नाही, घसरण नाही तर उष्णता नाही.

"नवराबायकोसारखं," हे म्हणाले.

"जखडल्यावर उष्णता नसते?" वन्संनी विचारलं.

ह्यांनी पंख्याची पिन काढून टाकली.

१० मार्च

पावसेकंद भाऊजी येऊन गेले. खरं नाव काय ते मला आठवतही नाही. धावपट्टीवरचे ह्यांचे मित्र. कशाबद्दलही बोला, त्याने पाव सेकंद वाचतो की नाही एवढंच बघतात, म्हणून हे नाव. आजाऱ्याला भेटायला आले ते फळांच्या पिशवीबरोबर तीन कन्व्हर्टरांची माहिती घेऊन. ही पिशवी आधी द्यायची असते, पण यांनी आधी मोबाइल पुढे केला.

"दादा, आता बदलायचाच आहे तर तीन हजार स्टॉलचा घे. तुझा टर्बो दोन हजार आठशेला जागा होतो. त्याखाली घेतलास तर इंजिन नुसतं धूर ओकेल, सुटायचंच नाही."

"हं," हे म्हणाले.

"नाहीतर मग टर्बोच बदलावा लागेल."

"हं."

मी आतून सगळं ऐकत होते. छातीचं हाड अजून जुळतंय आणि इथे तीन हजारांच्या गोष्टी. पावसेकंद गेल्यावर विचारणार होते, की घाटाचं काय, माझ्या पेट्यांचं काय. पण वादावादी नको. म्हणून इथे लिहिते, मोठ्या अक्षरांत: माझ्या पेट्यांचं काय?

१३ मार्च

रेडा चालवायला शिकले. आयुष्यभर मी आमची छोटी गाडी चालवली, तिला क्लच आहे, दर वेळी डाव्या पायाला काम असतं. रेड्याला क्लचच नाही. पाच मिनिटांत डावा पाय वेड्यासारखा क्लच शोधायला लागला आणि सापडला तो ब्रेक. हे शेजारी बसले होते, काचेवर आपटता आपटता राहिले. छातीशी उशी धरली होती म्हणून बरं.

"त्याला काम दे काहीतरी," हे म्हणाले. "डावा पाय ब्रेकवर, उजवा ॲक्सिलरेटरवर. धावपट्टीवर आम्ही सगळे तसंच करतो. ब्रेक धरून इंजिन चढवायचं आणि सोडायचं."

तसं केल्यावर जमलं. भाजीबाजारापर्यंत जाऊन आलो. सगळा वेळ हे काट्यांकडे बघत होते. मधेच विचारलं, "हा पेडल तू एवढाच दाबतेस का नेहमी?" मधेच, "उतारावर भीती वाटते का?" मधेच, "निघताना गाडी अंगावर आल्यासारखी वाटते का?" माझी परीक्षाच चालली होती. मनात म्हटलं, वाटेना का, तुमची गाडी तुम्हाला परत मिळेपर्यंतच चालवायची आहे मला.

१८ मार्च

हे मागच्या दारात उभे राहून फोनवर हळू आवाजात बोलतात. मी गेले की थांबतात. आज कपडे वाळत घालण्याच्या निमित्ताने मी थोडं ऐकलं. पलीकडे कन्व्हर्टर बनवणारा होता. त्याच्याकडे प्रत्येक कन्व्हर्टर गाडी विचारून बांधतात म्हणे.

हे म्हणत होते, "ड्रायव्हरचं वजन ना? पंचावन्न धरा. लागत नाही? बरं, असू दे, तरी लिहून ठेवा. पाय हलका आहे. हो. सुटताना धक्का अजिबात नको."

पंचावन्न! बायपासने बरगड्या मोजता येतात तरी हा माणूस पंचाहत्तरच्या खाली नाही. परक्या माणसाशी खोटं बोलून वीस किलो उतरवले, पाव सेकंदासाठी! आणि धक्का नको म्हणजे काय ते कळत नाही का मला? टाक्यांना जपून शर्यतीत उतरायचा बेत आहे.

वन्संना सांगितलं. त्या म्हणाल्या, "लहानपणापासून तो असाच आहे. बोलत नाही, करतो." मी म्हटलं, म्हणूनच भीती वाटते.

२१ मार्च

गिअरबॉक्सवाले मिस्त्री आले आणि माळ्यावरचं खोकं काढून घेऊन गेले. खोक्यात काय, म्हणून डोकावले. टर्बो! एक बसवलेला आहे तो पुरत नाही म्हणून दुसरा. हा आकाराने लहान दिसला, म्हणजे आणखी जोरात फिरत असणार.

जेवताना मी एक अक्षर बोलले नाही. ह्यांनी विचारलं, "बरं नाही का?" मी म्हटलं, "मला काय होतंय." वादावादी नको, हे डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं. ह्यांना कुणी सांगायचं, की माणूस मरणाच्या दारातून परत आला तर त्या दाराची कडी पुन्हा वाजवू नये? ऑपरेशन चालू असताना बाहेर बाकावर बसून मला काय वाटत होतं ते ह्यांना माहीत नाही, भूल दिलेली होती. मला माहीत आहे.

३० मार्च

काय लिहू. स्वतःच्या कानशिलात मारावीशी वाटते आणि हसूही येतं.

कन्व्हर्टर आला, परवा बसला. आज सकाळी मिस्त्री किल्ली द्यायला आले. हे आंघोळीला गेले होते, म्हणून मीच विचारलं, जरा तिरकसच. "मग, आता दोन टर्बो झाले का आमच्या रेड्याला?"

"दोन कशाला, ताई? मोठा उतरवला की. जुना लहानवाला बसवलाय, गाडीबरोबर आला होता तो. अठराशेचा कन्व्हर्टर घेतलाय साहेबांनी, त्याला मोठा चालत नाही."

"अठराशे म्हणजे सैल की घट्ट?"

"एकदम घट्ट. आत लॉकअपला तीन चकत्या आहेत, ओझ्यासाठी. याने शर्यत काय, बैलगाडीशी पण लागायची नाही."

मी दाराला धरून उभी राहिले. जीव भांड्यात पडला म्हणतात तो असा. मिस्त्रींना वाटलं मला चक्कर आली, ते पाणी मागायला लागले.

दुपारी पावसेकंद आले आणि मोठा टर्बो कापडात गुंडाळून, तान्ह्या बाळासारखा उचलून घेऊन गेले. निघताना माझ्याकडे असे बघत होते, जणू काही मीच त्यांच्या मित्राला बुडवलं. मी त्यांना आग्रह करकरून दोनदा चहा दिला.

ह्यांना विचारलं, "मला आधी सांगायला काय झालं होतं?"

"तू विचारलं कुठे?"

विचारलं असतं, पण वादावादी नको होती ना. आता ह्यांना काय सांगू, की महिनाभर वहीत भांडले.

फक्त ते पंचावन्न किलोचं कोडं अजून सुटलं नाही. आता शर्यत नाही तर वजन चोरून काय मिळवायचं होतं?

५ एप्रिल

सगळं मुसळ केरात.

आज चाचणी होती. ट्रेलरवर पेट्यांऐवजी पाण्याची पिंपं ठेवली, वजन तेवढंच. मी चालवत होते, हे शेजारी, आणि काही झालंच तर असावं म्हणून वन्सं छोट्या गाडीने मागे. सपाटीला रेडा लोण्यासारखा चालला. निघताना धक्का नाही, हिसका नाही. मी खूश. मग घाटाचा पहिला चढ लागला आणि काटा वर जायला लागला. नवा कन्व्हर्टर, नवं तेल, लहान टर्बो, आणि काटा तसाच वर, गेल्या वर्षीसारखा. हे वाकून काट्याकडे बघत होते. लाल पट्टीच्या आधीच मी रस्त्याच्या कडेला थांबवली. मनात म्हटलं, संपलं, मधमाश्या संपल्या.

मागून वन्सं तणतणत आल्या. "अगं, चढावर ब्रेक कसला मारतेस? खालपासून इथपर्यंत लाल दिवे! बघून बघून डोळे दुखले माझे."

"मी ब्रेक मारलाच नाही, वन्सं."

"मग काय आरास केली होती? ट्रेलरचेही लागले होते."

"पाय कुठे आहे तुझा?" ह्यांनी विचारलं.

आम्ही तिघांनी खाली पाहिलं. माझा डावा पाय ब्रेकवर होता, शिकवला होता तसा. दाबलेला नव्हता, नुसता विसावलेला. पण दिवा लागायला तेवढं पुरतं.

हे सावकाश बोलले. "ब्रेकचा दिवा लागला की लॉकअप सुटतो. गाडीला वाटतं, थांबायचं आहे. सगळा चढ तो सुटाच होता. दोन्ही पंखे नुसते तेल घुसळत होते."

"म्हणजे कन्व्हर्टर चांगला आहे?" मी विचारलं.

"कन्व्हर्टर चांगला आहे."

मला हसावं की नाचावं कळेना. इतकी सोपी गोष्ट! पण हे दार उघडून खाली उतरले आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसले. चेहरा पांढराफटक. मी धावत गेले, नाडी पाहिली. "गेल्या वर्षी..." म्हणाले आणि थांबले. मी म्हटलं, "गेल्या वर्षीचं राहू द्या, दुखतंय का कुठे?" नाही म्हणाले. पाणी दिलं. वन्सं त्यांना छोट्या गाडीतून घरी घेऊन गेल्या.

चढाच्या हवेचा त्रास झाला असावा. उद्या डॉक्टरीणबाईंना विचारते.

६ एप्रिल

सकाळी पेट्यांना साखरेचा पाक घालत होते आणि भांडं तसंच हातात राहिलं.

ह्यांना हवेचा त्रास झालाच नव्हता. मला डावा पाय ब्रेकवर ठेवायला ह्यांनी शिकवलं. ह्यांना धावपट्टीने शिकवलं. गेल्या वर्षी घाटात ह्यांचा डावा पाय कुठे होता?

मी पेटीजवळच खाली बसले. राग येईल म्हणून वाट बघितली, आला नाही. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. वर्षभर मला रात्रंदिवस वाटत होतं, की माझंच चुकलं, जाळी बारीक लावली, पेट्या फार जवळ बांधल्या. माझं चुकलं नव्हतं. ह्यांचंही चुकलं असं कसं म्हणू? पाय जिथे नेहमी असायचा तिथेच होता. सगळ्यांनी बोट कन्व्हर्टरकडे दाखवलं, आणि तोही बिचारा सैल होता म्हणून खपून गेलं.

घरात गेले. हे खिडकीशी बसले होते, पेपर उलटा नव्हता पण वाचतही नव्हते. मी म्हटलं, "पेट्या नेताना तुम्ही बरोबर या. मला एकटीला नाही जमणार."

"मी कशाला?"

"काटा बघायला."

ह्यांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "येतो." एवढंच बोललो. वादावादी नको म्हणून नव्हे.

डॉक्टरीणबाईंना फोन केला नाही.

८ एप्रिल

डाव्या पायाचं काय करायचं यावर घरात परिषद भरली. वन्सं म्हणाल्या, बांधून टाकू. शाळेत तीन पायांची शर्यत घ्यायच्या, गाठ कशी मारायची ते त्यांना चांगलं ठाऊक आहे. ह्यांनी जुन्या पेटीच्या झाकणाची फळी कापली आणि रेड्याच्या आत डावीकडच्या कोपऱ्यात स्क्रूने बसवली, थोडी तिरकी. पाय टेकायला जागा. "आता तो इथे राहील. रिकामा राहिला की परत जातो," म्हणाले. फळी बसवायच्या आधी माझी चप्पल मागून घेतली आणि टाच कुठे येते ते खडूने आखलं.

पुन्हा पिंपं चढवली, पुन्हा तोच चढ. काटा मधल्या खुणेच्या खाली जो बसला तो तिथेच. वरच्या वळणावर वन्संनी मागून तीनदा हॉर्न वाजवला. म्हणजे एकही दिवा लागला नाही.

१२ एप्रिल

बागवाल्या बाईंचा फोन आला. बहर उघडला, या. त्यांना काय सांगायचं म्हणून गेले महिनाभर फोन वाजला की उचलायच्या आधी नंबर बघायचे. आज म्हटलं, परवा पोचते.

डॉक्टरीणबाईंनी ह्यांना तपासलं. सगळं छान. मोकळ्या सपाट जागेत थोडी गाडी हलवायला हरकत नाही म्हणाल्या. ऐकून आनंद झाला आणि जरासं कसंतरीही झालं. आता रेडा ह्यांना परत द्यायचा. आणि महिन्याभरात मला त्याची सवय झाली आहे, हे कुणाला सांगायचं?

१४ एप्रिल

पोचलो! सगळ्या पेट्या जिवंत!

हे लिहिताना हात साखरेने चिकट आहे, पण आधी लिहून मग धुते.

काल दिवेलागणीला सगळ्या माश्या आत परतल्यावर जाळ्या लावल्या. पहाटे निघालो, वन्सं छोट्या गाडीने मागे. घाटाच्या पायथ्याशी उजाडलं. हे शेजारी, कालच्या पेपरने स्वतःला वारा घालत. काट्याकडे बघायला आणलं होतं त्यांना, पण बघत होते माझ्या डाव्या पायाकडे. मी दोनदा म्हटलं, "नाही काढत हो तो तिथून." गेल्या वर्षीचं ते वळण आलं. मी थोडा वेग वाढवला, रेडा न कुरकुरता चढला, आणि आरशातून मागे पाहिलं तर ट्रेलरवर पेट्या मजेत डुलत होत्या. मग ते वळण मागे पडलं. ह्यांनी एक मोठा श्वास सोडला. मीही सोडला.

बागेत पेट्या मांडल्या. उचलायला बागेतली माणसं होती, ह्यांना मी हात लावू दिला नाही. एकेक जाळी काढत गेले. प्रत्येक पेटीशी आधी कान लावला आणि मगच काढली. सगळ्या बोलत होत्या. शेवटच्या पेटीपाशी पोचेपर्यंत पहिलीतल्या माश्या फुलांवर बसलेल्याही होत्या. मी झाडाखाली उभी राहून वन्संच्या खांद्यावर डोकं ठेवलं. त्या म्हणाल्या, "रड, रड. मी कुणाला सांगत नाही."

रिकामा ट्रेलर वळवायचा होता. हे म्हणाले, "किल्ली दे. डॉक्टरीणबाईंनी सपाटीवर चालेल म्हटलंय, इथे सपाट आहे." मी दिली. हे आत चढले आणि अडकलेच. ताडमाड माणूस, दोन्ही गुडघे स्टिअरिंगच्या दोन बाजूंना फाकवून बसले. तशा अवस्थेत पुढे-मागे करत झाडांमधून गाडी वळवली. बागवाल्या बाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी खिडकीशी गेले.

"अहो, सीट मागे घ्या ना. खाली दांडी आहे."

"माहीत आहे दांडी. नको. तुझं माप बिघडेल."

"बिघडलं तर परत जुळवीन. दोन मिनिटांचं काम."

"तुझ्या पायाला बरोबर बसलंय ते. कशाला हलवायचं?"

उतरताना गुडघा दणकन आपटला तरी हलवली नाही. काय हट्टी माणूस आहे. सीट मागेपुढे करायलाच तर असते.

परतीला घाटात रेडा मीच चालवला. अर्ध्या वाटेत शेजारून आवाज येईना म्हणून पाहिलं, तर हे झोपले होते. तोंड उघडं, मान खिडकीवर. तीस वर्षांत मी चालवत असताना हे कधी डोळा मिटून बसलेले मला आठवत नाहीत. एका वळणावर समोरून ट्रक आला म्हणून हॉर्न वाजवावा लागला. तोही मी हलकाच वाजवला.